नानांच्या नाक्यावर अडलेलं दूध

पिंपळदऱ्याच्या दूध संस्थेत काँप्युटर आला, तो शेजारच्या गावच्या संस्थेत आला म्हणून. चेअरमन कारभारी नाना नगरच्या दुकानदाराला म्हणाले, "त्यांच्यापेक्षा मोठा द्या." दुकानदार म्हणाला, सगळे सारख्याच आकाराचे येतात. मग नानांनी काँप्युटर तेवढाच घेतला आणि टेबल मोठं घेतलं.

हे शहाण्णव सालचं. प्रोग्रॅम लिहायला पारनेरहून सम्राट यायचा. त्याचे वडील साखर कारखान्यात होते, आणि हा नगरला काँप्युटरचा डिप्लोमा करून नुकताच घरी आला होता. शेजारच्या गावचा प्रोग्रॅम त्याने पाहिला होता. त्यात सगळं एकात एक गुंतलेलं. पावतीवरचं एक अक्षर बदलायचं म्हटलं, तरी पुण्याहून माणूस बोलवावा लागे, आणि तो माणूस पावती नीट करून जाताना वजन बिघडवून जाई. सम्राटच्या डोक्यात वेगळं होतं. पहिल्याच दिवशी संस्थेत बसून त्याने ते समजावून सांगितलं. ऐकायला नाना होते, रिटायर तलाठी कानिफनाथ तात्या होते आणि काँप्युटरवर बसायला नेमलेली शुभांगी होती. शुभांगी नगरची, बी.कॉम. झालेली, लग्न होऊन या गावात आलेली.

"मूळ प्रोग्रॅमला एवढंच कळेल, की काहीतरी घडलं," सम्राट म्हणाला. "त्याला म्हणायचं घटना."

"घटना म्हंजी बाबासाहेबांची?" नानांनी विचारलं.

"ती वेगळी, नाना. ही साधी. दूध आलं, ही एक घटना. टँकर आला, ही दुसरी. टँकर गेला, ही तिसरी. घटना घडली की प्रोग्रॅम सगळ्यांना सांगतो. मग ज्याचं त्यानं बघायचं. वजनवाला वजन टिपून घेईल, पावतीवाला पावती छापेल. उद्या तुम्हाला आणखी काही पाहिजे झालं, तर एक पुरवणी लिहायची आणि जोडायची. परीक्षेत जोडतो तशी. मूळ पेपरला हात लावायचा नाही."

"घटनेला पुरवनी जोडायची म्हंजी घटनादुरुस्ती," तात्या म्हणाले.

"तसं समजा."

"म्हंजी दवंडीच की," नाना म्हणाले.

"दवंडी नका म्हणू, नाना," सम्राट म्हणाला. त्याचा आजा याच गावात दवंडी द्यायचा. छप्पन्न साली नागपूरहून आल्यावर त्याने हलगी पाटलाच्या ओट्यावर ठेवली होती आणि तो पुन्हा कधी कुणासाठी ओरडला नव्हता. सम्राटने हे काही सांगितलं नाही. पण नाना त्या काळात शाळेत जाणारे होते, त्यांना आठवत असावं. "बरं. घटना," ते म्हणाले, आणि पुढे कुणी दवंडी म्हटलं तर नानाच त्याला दुरुस्त करू लागले.

सम्राटला या रचनेतलं सगळ्यात काय आवडत होतं, ते त्याने फक्त शुभांगीला सांगितलं. घटना सगळ्यांना एकदम कळते. त्यात कुणी पहिला नाही, कुणी शेवटचा नाही.

पहिली पुरवणी शुभांगीने स्वतः लिहिली. एखाद्याच्या दुधाची फॅट अचानक खाली आली, तर पावतीवर खाली छापून यायचं : जनावर बघून घ्या. भागिरथी काकूंच्या पावतीवर ते आलं, काकूंनी डॉक्टर आणला, आणि त्यांची चंद्री म्हैस वाचली. गावाचा विश्वास बसला. मग पुण्याहून साउंड कार्ड आलं. संस्थेच्या पत्र्यावर हॉर्न बसला. शुभांगीने एकेक शब्द वेगवेगळा बोलून भरून ठेवला, नावं वेगळी, दूध वेगळं, आलं वेगळं, गेलं वेगळं. प्रोग्रॅम ते शब्द जुळवून सांगायचा. "भागिरथी काकूंचं. दूध. आलं." हजेरी घेतल्यासारखं सगळ्या गावाला ऐकू जायचं.

त्यानंतर लोक पुरवण्या मागायला येऊ लागले.

पहिला आला भीमा. वाटणी झाल्यापासून तो आणि त्याचा भाऊ एकमेकांच्या तोंडाकडे बघत नव्हते, पण दूध घालायला दोघांना एकाच ठिकाणी यावं लागे. भीमा म्हणाला, भावाचं दूध आलं की माझ्या घरी दिवा लागला पायजे, म्हंजी त्यो गेल्यावर मी निघंन. शुभांगीने तशी सोय केली. दुसऱ्या दिवशी भाऊ आला आणि त्यानेही तेच मागितलं. त्यालाही दिलं. मग दोघं आपापल्या ओट्यावर कासंड्या भरून समोरच्या दिव्याकडे बघत बसले. भावाचं दूध आल्याशिवाय भीमा निघेना, भीमाचं आल्याशिवाय भाऊ निघेना. दुपार झाली तेव्हा दोघांच्या बायकांनी कासंड्या उचलल्या आणि गप्पा मारत संस्थेत आल्या. पुढे तीच रीत पडली.

भागिरथी काकूंचं म्हणणं वेगळं होतं.

"माजं दूध आलं की चंद्रीला कळलं पायजे," त्या शुभांगीला म्हणाल्या.

"काकू, म्हशीला कळून काय करायचंय?"

"तिचंच हाय ते."

शुभांगीने गोठ्यापर्यंत वायर ओढली, दाव्याच्या खुंट्यावर लहान स्पीकर बसवला. चंद्री मान वर करून ऐकायची. थोड्याच दिवसांत तिला त्याची इतकी सवय झाली, की आपली घटना ऐकल्याशिवाय ती पान्हा सोडेना. आता दूध काढल्याशिवाय संस्थेत येणार कसं, आणि संस्थेत आल्याशिवाय घटना होणार कशी. सम्राटने पारनेरहून येऊन 'दूध येणार' अशी नवी घटना तयार केली. मग चंद्रीचं भागलं. पण 'दूध येणार'ला शाळेने प्रार्थनेची घंटा जोडली, कारण हेडमास्तरांचं घड्याळ बंद पडलं होतं. देवस्थानने काकडआरती जोडली. 'टँकर गेला'ला शाळा सुटायची घंटा जोडली गेली, आणि टँकर लवकर आला त्या दिवशी मुलं पाढे म्हणायच्या आधीच घरी गेली. कुणाचीच तक्रार नव्हती. मूळ प्रोग्रॅम जसाच्या तसा होता. सम्राटला त्याचा अभिमान वाटे.

नानांना मात्र चैन पडत नव्हतं. सगळ्या गावाला एकदम कळतं, म्हणजे चेअरमनला आणि भीमाला एकदम कळतं. एक दिवस त्यांनी सम्राटला बसवून घेतलं.

"घटना गावाला कळायच्या आधी मला कळाया पायजे," ते म्हणाले. "मी हो म्हनलो, तरच म्होरं जावी."

"तसं करता येतं," सम्राट म्हणाला. खोटं बोलण्याचा त्याचा स्वभाव नव्हता. "वाटेत नाका ठेवायचा. जकात नाक्यासारखा. घटना आधी नाक्यावर येते. नाकेवाला तिच्यात काही घालू शकतो, काही काढू शकतो, किंवा पुढे सोडू शकतो."

"न्हाई सोडली तर?"

"तर ती तिथंच उभी राहते."

हे उत्तर नानांना फार आवडलं. त्यांच्यासाठी टेबलावर एक बटण बसवलं, त्याला कुलूप केलं, किल्ली नानांच्या करदोट्याला गेली. दर कासंडीला नाना बटण दाबत. हे बघून बाकीच्या पंचांनीही नाके मागितले, आणि मग कुणाचा नाका आधी, यावरून सभा भरली.

सम्राटला वाटलं होतं, यात वाद होण्यासारखं काही नाही. आधी वजन, मग फॅट, मग बाकीचे. पण सभेत वजनकाट्याचं नाव कुणी काढेना. देवस्थानचे लोक म्हणाले, देवाच्या आधी कुणाचा मान नसतो. सरपंच म्हणाले, देव गावात राहतो, तेव्हा गाव आधी. तासभर हे चाललं. शेवटी ठरलं, पहिला मान चेअरमनचा, मग देवस्थान, मग सरपंच, मग तात्या आणि सगळ्यांच्या शेवटी काटा.

"नाना," शुभांगी म्हणाली, "वजनाच्या आधी तुम्ही कशाला मंजुरी देणार?"

"दुधाला."

"किती दुधाला?"

"ते वजन झाल्यावर कळंल की."

बाहेर आल्यावर शुभांगीने विचारलं, "तुम्ही का नाही बोललात, सम्राटभाऊ?"

"रांग कशी लावायची हे मी गावाला सांगायचं, वहिनी?" तो म्हणाला. "आमच्या घरात रांगेचं ज्ञान आहे, पण ते शेवटच्या टोकाकडचं आहे." त्याने नाके ठरल्याप्रमाणे लावून दिले आणि एस.टी. धरून घरी गेला. त्या रात्री तो जेवला नाही. आईने, मालनबाईंनी विचारलं तर म्हणाला, पोट बरं नाही.

नाके सुरू झाले. देवस्थानच्या नाक्यावर प्रत्येक दुधातून नैवेद्याचा एक चमचा वजा होऊ लागला, कागदावर. सरपंचांच्या नाक्यावर दुधाला वॉर्ड क्रमांक मिळू लागला. तात्यांचा जन्म सातबाऱ्यात गेलेला, त्यामुळे त्यांनी प्रत्येक दुधाला चतुःसीमा घातली. पावतीवर छापून यायचं : पूर्वेस भीमाचे दूध, पश्चिमेस भिंत, उत्तरेस रस्ता, दक्षिणेस चेअरमन. पावती हातभर लांब झाली. लोकांना ती आवडली. काहींनी फ्रेम करून लावली. भागिरथी काकूंचा एकदा सीमेवरून वाद झाला, कारण त्यांच्या कासंडीच्या पूर्वेला त्या दिवशी भीमा नव्हता, त्याचा भाऊ होता. तात्यांनी जागेवर जाऊन पंचनामा केला आणि पावती दुरुस्त करून दिली.

असं जुलै उजाडेपर्यंत चाललं. जुलैत नाना अकोले तालुक्यात गेले.

त्यांची लेक भंडारदऱ्याच्या बाजूला एका डोंगरातल्या गावात दिलेली होती. तिकडे भाताची लावणी सुरू झाली, आणि जावई आजारी पडला. निरोप आला तसे नाना पहिल्या गाडीने निघाले. करदोट्याची किल्ली करदोट्यालाच राहिली.

संध्याकाळी लोक दूध घेऊन आले. शुभांगीने पहिली कासंडी नोंदवली. पडद्यावर आलं : नाना नाक्यावर प्रतीक्षा. दुसरी नोंदवली, तीही पहिलीच्या मागे उभी राहिली. हॉर्न गप्प राहिला. टँकर आला आणि ड्रायव्हरने पावती मागितली.

"पावती नाही," शुभांगी म्हणाली. "दूध अजून आलेलं नाही."

ड्रायव्हरने भरलेले कॅन बघितले. "ज्याची पावती न्हाई ते मी नेलं तर ती चोरी हुती," तो म्हणाला आणि रिकामा टँकर घेऊन गेला. पण टँकर आलाच नव्हता असं प्रोग्रॅमचं मत पडलं, कारण टँकरची घटनाही दुधाच्या मागे रांगेत होती. म्हणून तो गेलाही नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी शाळा सुटेना. हेडमास्तर मुलांना घेऊन अंधार पडेपर्यंत बसून राहिले आणि आईबापांनी डबे आणून दिले.

त्याच दिवशी सकाळी भागिरथी काकू आपल्या गाईची कासंडी शुभांगीच्या टेबलावर ठेवून उभ्या राहिल्या.

"ह्ये काय हाय?"

"दूध आहे, काकू."

"आन्‌ कुठं हाय?"

"संस्थेत."

"मंग आलं का न्हाई?"

"अजून नाही," शुभांगी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने दोन्ही वेळा खरं तेच सांगितलं होतं.

काकूंनी आदल्या दिवशीच्या कॅनमध्ये बोट बुडवून चाखलं. "नासलंय," त्या म्हणाल्या.

"न आलेलं दूध नासू शकत न्हाई," कानिफनाथ तात्या म्हणाले. "आधी त्याला यावं लागंल."

चंद्रीचा तर वेगळाच घोळ झाला होता. 'दूध येणार' ही घटनाही अडकली होती. म्हैस खुंट्यावरच्या स्पीकरकडे बघत उभी होती, आणि काकूंनी स्वतःच्या तोंडाने "दूध येनार, दूध येनार" म्हणून पाहिलं, तर तिने मान फिरवली. त्यांचा आवाज तिला ओळखीचा होता, पण अधिकृत नव्हता.

जीप पाठवून सम्राटला बोलावलं. डोंगरातल्या त्या गावाला फोन नव्हता. निरोप घेऊन एक माणूस अकोल्याकडे निघालाच होता, पण पावसात त्या रस्त्याला कधी पोचेल याचा नेम नव्हता. सम्राटने काँप्युटरसमोर बसून सगळं बघितलं. मूळ प्रोग्रॅमात एक ओळ पुसली असती, तर नानांचा नाका उठला असता. त्याचं बोट त्या ओळीवर गेलंही. मागे पंच उभे होते. सरपंच म्हणाले, "चेअरमनच्या माघारी त्यांचा मान काढला, तर उद्या आमचाबी काढशील." आणि त्याने स्वतःच पहिल्या दिवशी सांगितलं होतं, मूळ पेपरला हात लावायचा नाही. त्याने बोट मागे घेतलं.

"नाना आले, असं सांगितलं तर?" शुभांगी हळूच म्हणाली. "नाना आले की नाका उघडा, अशी पुरवणी जोडते. ते जाईपर्यंत उघडा राहील."

"पण ते आलेले नाहीत, वहिनी."

"दूध आलेलं असून नाही म्हणतोय आपण. मग नाना आलेले नसून आले म्हटलं, तर फिट्टंफाट."

सम्राटने पंचांकडे पाहिलं. पंचांनी छताकडे पाहिलं. हा होकार समजून त्याने 'नाना आले' ही घटना सोडली. 'नाना गेले'सारखीच ती प्रोग्रॅमात पहिल्यापासून होती, पण आजवर कधी सोडायची वेळ आली नव्हती. ही घटना चेअरमनची स्वतःचीच असल्यामुळे तिला कुठलाच नाका नव्हता. पत्र्यावरचा हॉर्न बोलला : "नाना. आले."

या घटनेला आजवर कुणी काय काय जोडून ठेवलं होतं, ते तेव्हा कळलं. देवळाची घंटा वाजली. हॉटेलवाल्याच्या दुकानात दिवा लागला आणि त्याने चहा टाकला. शाळेतली मुलं दोन रांगांनी रस्त्यावर येऊन स्वागतगीत म्हणू लागली. हार आला. नाना नाहीत हे प्रत्येकाला माहीत होतं, पण हार घेऊन आलेला माणूस म्हणाला, मला हार घालायची घटना झाली, परत न्यायची झालेली न्हाई. म्हणून हार नानांच्या खुर्चीला घातला. चहाचा कप खुर्चीपुढे ठेवला. तो गार होऊ लागला तसा तात्यांनी नानांच्या वतीने पिऊन टाकला.

आणि नाका उघडला. अडलेलं दूध सगळं एकदम आलं. हॉर्न नावं घेत राहिला, पावत्या हातहात लांब निघत राहिल्या, चंद्रीने पान्हा सोडला, शाळा सुटली. आलेल्यापैकी जे नासलं होतं ते आता रीतसर नासलं आणि ओढ्यात ओतलं. काँप्युटर बंद केला तर नाना पुन्हा न आलेले होतील आणि रांगेतलं सगळं पुसलं जाईल, म्हणून तो चालूच ठेवला. पुढचे दिवस संस्थेचं काम इतकं सुरळीत चाललं, की तसं आधी कधी चाललं नव्हतं. खुर्चीवर हार होता आणि कुणी कशाला अडवत नव्हतं.

मग नाना खरोखर आले. अकोल्याहून संगमनेर, तिथून पुढे जीप, असे चिखलाने भरलेले ते थेट संस्थेत शिरले. खुर्चीवरचा सुकलेला हार त्यांनी बघितला. मग किल्ली काढून कुलूप उघडलं आणि बटण दाबलं. पडद्यावर आलं : नाना आधीच आलेले आहेत.

"ह्ये काय?" नाना म्हणाले.

"तुम्ही चार दिवसांपूर्वीच आलात, नाना," शुभांगी म्हणाली, आणि घडलं ते सगळं सांगितलं.

नानांनी शांतपणे ऐकून घेतलं. रागावले नाहीत, पण त्यांना वाईट वाटलं. "चहा?" त्यांनी विचारलं. चहा येणार नव्हता. तो त्यांच्या येण्याला होता आणि येणं होऊन गेलं होतं.

"परत यायचं असंल, तर आधी जावं लागंल," तात्या म्हणाले.

"मग लावा जायला."

"नाना, थांबा," सम्राट म्हणाला. तो अजून गावातच होता. "नाना गेले, ही घटना आपण आजवर एकदाही सोडलेली नाही. तिला कुणी काय जोडलंय, हे मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. ही रचनाच तशी आहे."

"माज्या खुर्चीत दुसरा नाना बसलाय," नाना म्हणाले. "त्याला घालव."

सम्राटने घटना सोडली. हॉर्न नेहमीच्या त्याच हजेरीच्या आवाजात बोलला : "नाना. गेले."

मग देवळाची घंटा वाजली, थांबून थांबून. शाळा अर्ध्यावर सुटली, मुलं न बोलता घरी गेली. प्रिंटर आपणहून सुरू झाला आणि त्यातून दुखवट्याचा ठराव बाहेर आला. नानांनी तो उभ्यानेच वाचला. दूरदृष्टीचे नेतृत्व, कधीही न भरून येणारी पोकळी.

"तात्या, ह्ये तू कवा जोडलंस?"

"दिवाळीत," तात्या म्हणाले. "मानसानं तयारीत असावं."

नाना घरी गेले. ओसरीवर आळीतल्या बाया जमल्या होत्या आणि त्यांच्या मध्ये नानांची बायको साळूबाई बसली होती. नाना दारात दिसले तसं साळूबाईने वर बघितलं.

"मागल्या दारानं या," ती म्हणाली. "म्होरं मानसं बसल्यात. भाकरी झाकून ठेवलीय."

नाना मागच्या दाराने गेले आणि चुलीपाशी बसून जेवले. ओसरीवर बाया त्यांच्याबद्दल बोलत होत्या. ऐकू येत होतं, म्हणून त्यांनी भाकरी सावकाश खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या मैदानात शोकसभा झाली. तीही पुरवणीतच होती. नाना जिवंत आहेत हे कुणी नाकारत नव्हतं, पण सभा जाहीर झाली होती आणि सतरंज्या आल्या होत्या. नाना मागे लिंबाखाली बसले. भीमा बोलला, नानांनी दुष्काळात चारा आणला होता, ते बोलला. भागिरथी काकू म्हणाल्या, "मानूस वाईट न्हवता. पर दूध घेऊन आलं की तासभर ताटकळत ठेवायचा. माज्या म्हशीला तेवढा येळ नसतो." नाना मान हलवत ऐकत होते. भीमाच्या भाषणात चाऱ्याच्या गाड्यांचा आकडा चुकला, तो त्यांनी जागेवरून दुरुस्त केला.

शेवटी सरपंचांना काय सुचलं कोण जाणे, ते म्हणाले, नाना आलेलेच आहेत तर त्यांनीही दोन शब्द बोलावेत.

नाना उठले. टोपी नीट केली.

"कारभारी नानांना मी लहानपनापास्नं वळखतो," ते म्हणाले. "मानूस हट्टी हुता. आपन न्हाई म्हनलो तर दूध येत न्हाई, असं त्याला वाटायचं. परवा त्यो गावात न्हवता, तरी चार दिस सगळं बिनघोर चाललं. ह्ये त्याला आधी कुनी सांगितलं असतं, तर ऐकलं नसतं त्यानं." एवढं बोलून ते खाली बसले. समोर बसलेल्या बऱ्याच जणांनी डोळे पुसले. सम्राट मागे उभा होता. लहानपणापासून त्याने पुष्कळ चेअरमन पाहिले होते. एवढं कुणी बोललेलं त्याने ऐकलं नव्हतं.

सभेनंतर नाना त्याला म्हणाले, "काढून टाक माजा नाका."

"काढता येत न्हाई," तात्या मध्येच म्हणाले. "मयताचं नाव कमी केलं, की वारस लागतो. नोंद झालीय." खरोखरच झाली होती. तीही त्यांच्या पुरवणीत होती. नाका साळूबाईच्या नावावर चढला होता.

साळूबाईला बोलावून आणलं. ती संस्थेत पहिल्यांदाच येत होती. तिला बटणापाशी बसवलं. शुभांगीने पहिली कासंडी नोंदवली आणि समजावलं, की मामी, हे दूध पुढे सोडायचं का, ते तुम्ही सांगायचं.

साळूबाईने कासंडीत डोकावून बघितलं.

"दूध आलंय नव्हं?"

"आलंय."

"मंग घ्या की. मला काय इचारता?"

शुभांगीने दुसरी कासंडी पुढे केली. साळूबाई म्हणाली, "त्येबी घ्या. आनि आता दर खेपंला मला बोलवू नका, मला शेनपानी हाय." सम्राटने तिचं म्हणणं जसंच्या तसं त्या नाक्यात लिहून टाकलं. त्यानंतर त्या नाक्यावर आलेली प्रत्येक घटना, थांबल्याचं कळायच्या आत पुढे जाऊ लागली. मूळ प्रोग्रॅमला हात लावावा लागला नाही. त्या दिवशी घरी गेल्यावर सम्राट नीट जेवला, असं मालनबाई पुढे कुणाकुणाला सांगत.

बाकीचे नाके शुभांगीने हिवाळ्यात एकेक करून सोडवले. ती ज्याच्या त्याच्या घरी गेली, चहा घेतला आणि विचारलं, की तुमच्या नाक्याचं काम काय. सरपंच आठवून सांगतो म्हणाले आणि त्यांना आठवलं नाही. देवस्थानने चमचाभर कागदी दुधाऐवजी खरं दूध मागितलं, ते मिळालं. काटा रांगेत पहिला आला. तात्या मात्र ऐकेनात, आणि लोकही त्यांच्याच बाजूने होते, त्यामुळे चतुःसीमा राहिली. फक्त दक्षिणेस चेअरमनच्या जागी खिडकी आली.

नानांना पुन्हा रीतसर आणण्याची घटना सोडायची का, असं सम्राटने एकदा विचारलं होतं. "राहू दे," नाना म्हणाले. "गेलेल्या मानसाला सकाळी येळ लई मिळतो." ते कासंडी घेऊन रांगेत उभे राहत. दूध साळूबाईच्या नावाने जाई.

पुढच्या वर्षी संस्थेची निवडणूक लागली. नानांनी अर्ज भरला नाही. साळूबाईचा कुणी भरला ते कळलं नाही, पण तिच्याविरुद्ध उभं राहायला कुणी तयार झालं नाही. पहिल्या सभेला ती आली, खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खाली बसली. तात्यांनी सगळे विषय वाचून दाखवले.

"यातलं मला इचारल्याबिगर हुन्यासारखं कोन्तं हाय?" तिने विचारलं.

तात्यांनी पुन्हा एकदा कागद वरपासून खालपर्यंत बघितला. "समदेच," ते म्हणाले.

"मंग करा," साळूबाई म्हणाली आणि उठली. तिची मटकी उन्हात घातलेली होती, आणि आभाळ येत होतं.